गॉल्फचे १८ होल : परंपरा की योगायोग? #थ्रेड

‘हिंगोलीत गॉल्फचे मैदान’ म्हटले तर कोणालाही हसू येईल. १८ होलच्या मैदानाला साधारण सव्वाशे ते दोनशे एकर जमीन लागते. जिथे सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याची वाट शेते पाहतात, तिथे हिरवळीला पाणी कोण देणार? आक्षेप रास्त आहे. मात्र तो १८ हा आकडा अटळ मानतो, आणि इतिहास तसे मानत नाही.

१७४४ मध्ये एडिंबराजवळच्या लीथ येथे गॉल्फची सर्वांत जुनी उपलब्ध नियमावली लिहिली गेली. त्या मैदानावर होल होते अवघे पाच.

सेंट अँड्र्यूजला एका फेरीत २२ होल खेळत. बहुतेक होल जाताना आणि परतताना दोन्ही वेळा वापरले जात. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार आखूड होलचे दोन केले गेले. जातानाचे दोन घटले, येतानाचेही दोन घटले, आणि उरले १८. पुढे त्या क्लबचा दबदबा वाढला आणि त्याची स्थानिक सोय जगाचा नियम ठरली.

तरीही १८६० ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकच्या १२ होलच्या मैदानावर झाली. आठ खेळाडू, एकाच दिवशी तीन फेऱ्या. विजेता विली पार्क.

मुंबईचा गॉल्फ क्लब याहून जुना, १८४२ चा. सेंट अँड्र्यूजच्या क्लबला त्याने रौप्यपदकही भेट दिले होते!

हिंगोली स्वतः १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. म्हणून छावण्यांतल्या गॉल्फची रीत येथे विशेष पाहण्याजोगी. भारतातील अनेक छावण्यांनी नऊच होल आखले आणि पूर्ण फेरीसाठी तेच दोनदा खेळले. पाणी नसेल तिथे ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’ असे : तेल मिसळून दाबलेली वाळू. इंग्रजांच्या काटकसरीचे कौतुक करावे असे प्रसंग थोडेच. हा त्यांपैकी एक.

आज केवळ आखूड, पार-तीनचे नऊ होल वीस-तीस एकरांत बसतात आणि फेरी दोन तासांच्या आत संपते. वर ‘ब्राऊन’ असतील तर पाण्याची गरज आणखी घटते. मग हिंगोलीसारख्या ठिकाणी खरी अडचण उरते ती दरमहा वर्गणी भरणारे सभासद मिळण्याची.