महाड-पोलादपूर परिसरातील चांदीचा रुपया आणि अमेरिकन डॉलर : ओळखचिन्हे व मूल्य

प्रस्तावना : १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहामुळे महाडचे नाव इतिहासात अजरामर झाले. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला होता. लष्करातील नोकरी आणि मुंबईच्या गिरण्यांतील मजुरी या वाटांनी महाड-पोलादपूरच्या गावांत रोख रुपया येत असे. प्रस्तुत लेखात या रुपयाचा अमेरिकन डॉलरशी असलेला संबंध मांडला आहे.

चांदीचा प्रवास : पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांचा तुटवडा निर्माण झाला. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेत पिटमन कायदा संमत झाला. त्यानुसार सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरची चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकण्यात आली.

ओळखचिन्हे : १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेल्या मॉर्गन डॉलरच्या मागील बाजूस गरुडाखालील पुष्पचक्राच्या खाली टांकसाळीचे अक्षर असते. 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी. अक्षर नसल्यास फिलाडेल्फिया. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणून मागील बाजूस तळाच्या कमळाखाली एक ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

मूल्य : डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम व कस ९० टक्के, तर रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व कस सुमारे ९१.७ टक्के. म्हणजे एका डॉलरमधील चांदीत सव्वादोन रुपये होत. परंतु संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचे मोल केवळ धातूवर ठरत नाही. साल, टांकसाळ, झीज आणि दुर्मिळता यांवरही ते अवलंबून असते. १९१८ नंतर कोणत्या सालाचे किती डॉलर वितळले, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यांवरून आज शिल्लक असलेल्या डॉलरची संख्या सांगता येत नाही.

निष्कर्ष : ठिपक्यावरून रुपयाची टांकसाळ कळते, चांदीचे मूळ कळत नाही. १९१८ ते १९२० या सालांच्या एखाद्या विशिष्ट रुपयात अमेरिकन चांदी आहे, असे केवळ पाहून म्हणता येणार नाही. तशी शक्यता मात्र निश्चित आहे. सोनाराच्या तराजूत असा रुपया केवळ वजनाने मोजला जातो आणि आटवला की साल, खूण व तो घरात कसा आला याची आठवण, तिन्ही नष्ट होतात. डॉलरच्या बाबतीत झालेली ही हानी येथे टाळता येण्याजोगी आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या रुपयांचे साल, टांकसाळ, वजन आणि मौखिक माहिती नोंदवून नाणी मालकांकडेच ठेवली, तरी महाड-पोलादपूरच्या आर्थिक इतिहासाचे एक विश्वसनीय साधन उपलब्ध होईल.