अकोल्याच्या वर्गातला शेक्सपियर

मी अकोल्याचा, दिवसभर कोड लिहितो. बी.टेक.ला इंग्रजीत प्रेझेंटेशन म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. शेक्सपियर तर लय दूरचा माणूस वाटायचा. खरं तर तोही हातमोजे शिवणाऱ्याचा पोरगा, विद्यापीठात कधी गेलाच नाही. अन् त्याची नाटकं मराठीत आणणारे दोघंजण आमच्या अकोल्याच्या शाळेतले, हे मला फार उशिरा कळलं.

एक मास्तर, विष्णु मोरेश्वर महाजनी. त्यांनी ‘सिंबेलीन’वरून ‘तारा’ हे नाटक लिहिलं, १८७९ साली. दुसरा त्यांचा विद्यार्थी, गोपाळ गणेश आगरकर. मूळचा कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी एवढी की शिकायला वऱ्हाडात नातेवाइकांकडे यावं लागलं. १८७५ला इथूनच मॅट्रिक झाला अन् पुण्याला गेला.

मग १८८२. कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीचा खटला, टिळक-आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात, १०१ दिवस. तिथं आगरकरांनी काय करावं? ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं! डेन्मार्कचा राजपुत्र झाला चंद्रसेन. हे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये छापून आलं आणि पुढे गणपतराव जोशींनी रंगभूमीवर गाजवलं. आगरकर म्हटलं की आपल्याला ‘सुधारक’च आठवतो, हे नाटक राहूनच जातं.

सध्या मी ते वाचतोय. भाषा जड आहे, एकेक पान दोनदा वाचावं लागतं. पण पोटात गोळा येत नाही.