डाव्या हाताचं कूळ

एदमार कास्तान्येदाच्या त्रिकुटात बास वाजवणारा कुणी नव्हता. त्याची हार्प, मार्शल गिल्क्सचा ट्रॉम्बोन, डेव्ह सिलिमनचे ड्रम्स, एवढाच संसार. खर्जाची सगळी जबाबदारी त्याच्या डाव्या हातावर. उजवा हात वर धून खेळवायला मोकळा. ऐकणाऱ्याला ही एकट्या माणसाची करामत वाटते. करामत आहेच, पण या डाव्या हाताचं कूळ काढत गेलं तर वाट जॅझ क्लबकडे नव्हे, स्पेनच्या चर्चकडे जाते.

सतराव्या शतकात तिथल्या गायकवृंदाला हार्पची साथ असे. साथ म्हणजे नाजूक झुळझुळ नव्हे. खालची सुरावट पक्की धरायची आणि तिच्यावर स्वरसंगती भरत जायची, असं ते राबणाऱ्या वाद्याचं काम होतं. स्पॅनिश लोकांबरोबर हार्प दक्षिण अमेरिकेत उतरली. ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या ‘यानोस’ या अफाट गवताळ मैदानांत जेझुइट पाद्र्यांनी वस्त्या वसवल्या, संगीत शिकवलं. १७६७मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना आपल्या मुलखातून घालवून दिलं. पाद्री गेले, हार्प गुराख्यांकडे राहिली.

पुढे युरोपातल्या हार्पचं नशीब पालटलं. वाद्यनिर्माता एरारने १८१०मध्ये दुहेरी पेडलच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि पायाने प्रत्येक तारेचा स्वर एकाऐवजी दोन पायऱ्या चढवता येऊ लागला. वाद्य भव्य झालं, महागलं, वाद्यवृंदात जाऊन बसलं. यानोसची हार्प मात्र साधीच राहिली: साधारण ३२ तारा, पेडल एकही नाही. काळ्या पट्ट्या काढून टाकलेली पेटीच म्हणा ना. मधला स्वर हवा असेल तर तार वरच्या टोकाशी बोटाने दाबायची. पण या गरिबीतच तिने आपला खर्ज जपला, असं मला वाटतं. होरोपो नाचात सोबत फक्त चार तारांचं छोटं ‘क्वात्रो’ आणि माराका, म्हणजे बी भरलेले खुळखुळे. तीनची आणि सहाची लय एकाच वेळी चालते, नाचणारे टाचा आपटतात. त्यांना जमीन द्यायची ती हार्पच्या जाड तारांनी, ‘बोर्दोन’नी.

१९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात जन्मलेला कास्तान्येदा या संगीतात आधी नाचत शिरला. सातव्या वर्षापासून तो होरोपो शिकत होता. हार्प हाती आली ती नंतर. १९९४मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. शाळेत जॅझ शिकला तो ट्रम्पेटवर, आणि दिवसा शिकलेलं संध्याकाळी रेस्तराँमध्ये हार्पवर उतरवून पाहायचा. जेवणाऱ्यांचं लक्ष ताटात असतं, त्यामुळे प्रयोगाला याहून बरी जागा कुठली! क्यूबन सॅक्सोफोनवादक पाकितो द’रिवेराने त्याला हेरलं, सोबत घेतलं. २००६मध्ये ‘क्वार्तो दे कोलोरेस’ हा अल्बम आला.

पुढे फ्रान्सच्या कामाक कंपनीने त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची विजेवर चालणारी ‘यानेरा’, म्हणजे यानोसची, हार्प काढली. तिला अर्धस्वरांसाठी खटके आहेत, म्हणजे काळ्या पट्ट्यांची उणीव बरीचशी भरून निघाली.

पियानोवादक हिरोमीबरोबरचं त्याचं माँट्रियलमधलं वादन २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्याची स्वतःची एक रचना जाको पास्टोरियसला अर्पण केलेली आहे. जाको हार्प वाजवत नसे. तो बास गिटार वाजवायचा.