एडिटर तारेच्या कुठल्या टोकाला?

बर्कलीच्या विद्यापीठात शिकणारा बिल जॉय १९७६ च्या सुमारास घरी बसून विद्यापीठाच्या संगणकावर काम करायचा. समोर टर्मिनल, मध्ये टेलिफोनची तार आणि ३०० बॉडचा मोडेम. या मोडेममधून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं जायची. पडद्यावर २४ ओळी आणि एका ओळीत ८० अक्षरं धरली, तर पडदा एकदा पूर्ण रंगवायला मिनिटाहून जास्त वेळ लागणार. या चिंचोळ्या वाटेवरूनही चालेल असा एडिटर म्हणून त्याने ‘व्हीआय’ लिहिला. एका अक्षराची आज्ञा, दोन अक्षरांत अख्खी ओळ पुसली जाणार. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण छापलेले होते ते एच, जे, के, एल या बटणांवर, म्हणून व्हीआयमध्ये आजही त्याच बटणांनी फिरतात.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, न्यू जर्सीत मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये, जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी संख्याशास्त्रासाठी नवी भाषा आखत होते. ५ मे १९७६ च्या बैठकीत चेंबर्सनी काढलेल्या एका आकृतीपासून ‘एस’ या भाषेची गोष्ट सांगितली जाते. तोवर साधी सरासरी किंवा आलेख हवा असला, तरी फोरट्रानमध्ये प्रोग्राम जुळवावा लागे. ‘एस’मध्ये विचारायचं, उत्तर पाहायचं, मग पुढचं विचारायचं. काम असं गप्पांसारखं झालं खरं. पण गप्पा हवेत विरतात. विचारलेलं नीट लिहून ठेवायचं तर एका बाजूला फाइल आणि दुसऱ्या बाजूला चालू संवाद हवा. संख्याशास्त्रज्ञांची एडिटरची गरज इथून सुरू होते.

ती गरज भागवली ईमॅक्स या एडिटरने. विस्कॉन्सिनचे डग बेट्स आणि एड केडमन यांनी १९८९ च्या सुमारास ईमॅक्ससाठी ‘एस-मोड’ लिहिला. पुढे त्यात सॅससारख्या इतर संख्याशास्त्रीय पॅकेजांची सोय आली. टोनी रॉसिनी, रिचर्ड हायबर्गर, मार्टिन मेख्लर, कुर्ट हॉर्निक अशा अनेकांचा हात लागला आणि त्याचं नाव पडलं ‘ईमॅक्स स्पीक्स स्टॅटिस्टिक्स’, म्हणजेच ईएसएस. वरच्या खिडकीत फाइल, खालच्या खिडकीत चालू ‘एस’. कंट्रोल-सी, कंट्रोल-एन दाबलं की वरची ओळ खाली जाते, चालते आणि कर्सर आपोआप पुढच्या ओळीवर येतो.

ईएसएसच्या एका खोडीने मात्र नवख्यांना वर्षानुवर्षं छळलं. अंडरस्कोर दाबला की पडद्यावर उमटायचा चलाला किंमत देण्याचा, डावीकडे तोंड केलेला बाण: ‘पेक्षा लहान’चं चिन्ह आणि त्यापुढे उणे. खरा अंडरस्कोर हवा तर बटण दोनदा दाबायचं. याचं मूळ जुन्या टेलिटाइप यंत्रांत आहे. १९६३ च्या आस्की संकेतात ज्या जागी डावा बाण होता, तिथे १९६७ मध्ये अंडरस्कोर आला. म्हणून ‘एस’मध्ये चलाला किंमत देताना अंडरस्कोरही चालत असे. ‘एस’च्या धर्तीवर पुढे आलेल्या ‘आर’ या भाषेनेही तो वारसा घेतला आणि २००३ मध्ये सोडला. बोटांची सवय मात्र ईएसएसमध्ये बरीच वर्षं टिकली.

‘आर’ जन्मली न्यूझीलंडमध्ये. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहायला घेतली, १९९३ मध्ये जाहीर केली आणि १९९५ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुली केली. १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. ‘आर’ सहसा सगळी माहिती मेमरीत धरून काम करते. त्यामुळे माहिती वाढली की टेबलावरचा संगणक दमतो आणि मोठ्या मेमरीच्या सर्व्हरचा रस्ता धरावा लागतो.

त्या रस्त्यावर पूर्वी दूरच्या संगणकावर लॉगिन करून देणारं टेलनेट होतं. त्यात पासवर्ड उघडाच जायचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तिथल्या तातू इलोनेनने १९९५ मध्ये सगळं कुलूपबंद पाठवणारं एसएसएच लिहिलं. ईएसएसवाल्यांनी त्याच्याशी छान जमवून घेतलं. ईमॅक्स आपल्या संगणकावर, त्यातल्या एका खिडकीतून एसएसएचने सर्व्हरवर जायचं, तिथे ‘आर’ सुरू करायची आणि ‘ईएसएस-रिमोट’ ही आज्ञा द्यायची. मग फाइल अलीकडे, हिशेब पलीकडे आणि तारेवरून जाते ती एकेक ओळ. तार तुटली तर चालू काम बुडू नये म्हणून ‘आर’ला ‘स्क्रीन’मध्ये बसवायचं. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात १९८७ मध्ये तयार झालेलं हे साधन टर्मिनल सर्व्हरवर जिवंत ठेवतं. पुढे टीमक्स तेच करू लागलं.

अडायचं ते आलेखांपाशी. एक्स विंडो पद्धतीने पलीकडचा आलेख अलीकडच्या पडद्यावर आणता यायचा, पण संथ जोडणीवर खिडकी उघडेपर्यंत चहा होऊन जायचा.

फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या, ‘आर’साठीच्या आरस्टुडिओने उलटा डाव टाकला. त्याच्या सर्व्हर आवृत्तीत एडिटर, ‘आर’, आलेख सगळं पलीकडेच. आपल्याकडे फक्त ब्राउझर आणि पत्त्याच्या शेवटी ८७८७ हा पोर्ट. अट एकच, ते बसवायला सर्व्हरचा ॲडमिन राजी हवा. मे २०१९ मध्ये व्हीएस कोड या एडिटरने स्वतःचेच दोन तुकडे केले. दिसणारा भाग लॅपटॉपवर राहिला. फाइली वाचणारा, सूचना देणारा भाग एसएसएचवरून आपल्याच होम फोल्डरमध्ये जाऊन बसू लागला. ॲडमिनची मनधरणी टळली.

अनेक संगणक जोडलेल्या मोठ्या क्लस्टरवर मात्र तार एक नसते. लॅपटॉपवरून आधी प्रवेशाचा लॉगिन नोड, तिथून रांगेत थांबून हिशेबाचा कॉम्प्यूट नोड. व्हीएस कोडचा अर्धा भाग सहसा लॉगिन नोडवर उतरतो आणि जड हिशेबाला तिथे मनाई असते. मग लोक टर्मिनलमध्ये टीमक्स उघडतात, त्यातून कॉम्प्यूट नोडवर जातात आणि ‘आर’ स्वतःच्या हाताने सुरू करतात. व्हीएस कोडच्या ‘आर’ एक्स्टेन्शनमध्ये त्यासाठी एक सेटिंग आहे. ते चालू केलं की एडिटर स्वतःची ‘आर’ शोधत बसत नाही. समोर जे टर्मिनल उघडं असेल त्यात ओळ टाकतो, ईएसएस-रिमोट टाकत असे तशीच.