भाला : एका शब्दाचा इतिहास आणि अर्थ

गुड फ्रायडेच्या उपासनेत संत योहानलिखित दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. क्रुसावर प्रभू येशूने प्राण सोडल्यानंतर एक शिपाई त्याच्या कुशीत भाला खुपसतो आणि लगेच रक्त व पाणी वाहू लागते (योहान १९:३४). 'भाला' हा शब्द आपल्या कानी पडतो तो अशा गंभीर क्षणी.

तोच शब्द अलीकडच्या काळात पुणेकरांच्या ओठांवर निराळ्याच आनंदाने आला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्रा यांनी ८७.५८ मीटर भालाफेक करून सुवर्णपदक मिळवले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पुण्याच्या लष्करी छावणीतील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या क्रीडांगणाला त्यांचे नाव देण्यात आले. क्रुसाजवळचा भाला आणि क्रीडांगणावरचा भाला यांना मराठीत एकच नाव आहे. हे नाव कोठून आले आणि त्याखाली किती निरनिराळी शस्त्रे दडलेली आहेत, हे वाचकांपुढे मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

शब्दाचे मूळ

'भाला' हा शब्द संस्कृत 'भल्ल' यापासून आला. परंतु संस्कृतातील भल्ल म्हणजे आपला लांब दांड्याचा भाला नव्हे. विशिष्ट आकाराच्या तीक्ष्ण पात्याचा बाण, असा त्याचा प्रचलित अर्थ होता. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाचे वर्णन आहे. तेथे शत्रूंची मस्तके उडवणारे भल्ल हे बाणच आहेत. पुढे प्राकृतातून मराठीत येताना शब्दाचे रूप पालटले आणि अर्थही विस्तारला. जे नाव धारदार टोकाच्या बाणाचे होते, ते लांब दांड्याला टोक बसवलेल्या शस्त्राचे झाले.

येथे दोन गैरसमज दूर करणे इष्ट होईल. 'भालचंद्र' या नावातील 'भाल' म्हणजे कपाळ. ज्याच्या कपाळी चंद्र आहे तो भालचंद्र. त्या नावाचा भाल्याशी काही संबंध नाही. तसेच 'भला माणूस' यातील 'भला' हा शब्द संस्कृत 'भद्र' यापासून निघाला आहे. प्राकृतात भद्र आणि भल्ल या दोहोंची रूपे सारखीच झाली. मराठीत मात्र एक भला झाला आणि दुसरा भाला.

सुटणारे शस्त्र आणि हातातले शस्त्र

प्राचीन भारतीय भाषेत भाल्याच्या जातीच्या शस्त्रांना अनेक नावे होती. ऋग्वेदातील मरुतांच्या खांद्यावर 'ऋष्टी' असते. महाकाव्यांत तोमर, प्रास, कुंत, शूल आणि शक्ती ही नावे वारंवार येतात. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच फेकता येणारी होती. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती, पण घटोत्कचावर टाकावी लागली आणि मग त्याच्या हाती ती उरली नाही.

या शस्त्रांचे वर्गीकरण करताना जुन्या शास्त्रकारांनी एक मार्मिक प्रश्न विचारला : शस्त्र हातातून सुटते की नाही? अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या भागात शस्त्रांचे प्रकार याच कसोटीवर केलेले आढळतात. धनुष्यासारख्या यंत्रातून सुटते ते यंत्रमुक्त, तोमराप्रमाणे हाताने फेकले जाते ते पाणिमुक्त, तलवारीप्रमाणे हातातच राहते ते अमुक्त. याशिवाय 'मुक्तसंधारित' असा आणखी एक प्रकार सांगितला आहे. सोडलेले, पण पुन्हा आवरून घेता येणारे, असा त्याचा अर्थ. प्रासाची गणना या प्रकारात केली आहे.

मराठीत 'भाला' हा एकच शब्द या साऱ्या प्रकारांना पुरून उरला. म्हणून भाला भोसकला की फेकला, हे आपल्याला क्रियापदावरून ओळखावे लागते.

मराठी मुलखातील भाला

मराठ्यांच्या घोडदळाचे एक प्रमुख शस्त्र म्हणजे बांबूच्या दांड्याचा लांब भाला. तो धारण करणारा भालेकरी किंवा भालाईत. आखूड आणि हलकी ती बरची. यांच्या जोडीला 'विटा' नावाचे शस्त्र होते. त्यास 'इटा' असेही म्हणत आणि ते चालवणाऱ्यास विटेकरी अथवा इटेकरी. विट्याच्या दांड्याला दोरी बांधलेली असे व तिचे दुसरे टोक मनगटाला अडकवलेले असे. विटा शत्रूवर फेकायचा आणि दोरीने पुन्हा आपल्याकडे ओढून घ्यायचा. शास्त्रकारांनी 'मुक्तसंधारित' म्हटले ते हेच. सांगली जिल्ह्यातील विटा या गावाचे नाव उच्चाराने सारखे आहे, तेवढ्यावरून त्याचा या शस्त्राशी संबंध जोडण्याची घाई मात्र करू नये.

भाल्याला दरबारी मानही मिळाला. राजापुढे भाला घेऊन चालणारा तो भालदार. भालदार-चोपदार ही जोडी लढण्यासाठी नव्हे, तर ललकारी देऊन धन्याच्या आगमनाची वर्दी देण्यासाठी असे. व्हॅटिकनमधील स्विस गार्डच्या हातातील दांड्याचे शस्त्र पाहिले की आपल्याला भालदाराचे काम सहज उमगेल. शस्त्र हाती असूनही ते कोणावर उगारायचे नसते, असे ते पद आहे.

पुण्याचा 'भाला'

पुण्यात या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला. १९०५ साली भास्कर बळवंत भोपटकर यांनी 'भाला' नावाचे पत्र सुरू केले. वंगभंगाच्या चळवळीचे ते वर्ष. पत्राची भाषा नावाप्रमाणेच टोकदार होती. १९०६ मध्ये पत्रातील लेखाबद्दल भोपटकरांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना शिक्षा झाली. पुढे लोक त्यांना 'भालाकार' याच नावाने ओळखू लागले.

शब्दाला शस्त्र मानण्याची ही कल्पना आपल्याला नवी नाही. बोललेला आणि छापलेला शब्द हाही पाणिमुक्त असतो. त्याला विट्यासारखी दोरी बांधलेली नसते.

क्रीडांगणावरचा भाला

प्राचीन ग्रीसमध्ये भालाफेक हा पंचक्रीडेचा एक भाग होता. फेकणारा भाल्याला चामड्याचा पट्टा गुंडाळून त्यात बोटे अडकवीत असे. आधुनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांची भालाफेक १९०८ साली आणि स्त्रियांची १९३२ साली आली. आज पुरुषांचा भाला किमान ८०० ग्रॅम वजनाचा व २.६ ते २.७ मीटर लांबीचा असतो. स्त्रियांचा किमान ६०० ग्रॅमचा व २.२ ते २.३ मीटरचा. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला, तेव्हा मैदाने अपुरी पडतील अशी चिंता निर्माण झाली. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य टोकाच्या दिशेने पुढे सरकवण्यात आला. फेक ग्राह्य ठरण्यासाठी भाल्याचे धातूचे टोक आधी जमिनीला लागावे लागते. भल्ल या शब्दाचा टोकाशी असलेला जुना संबंध या नियमात टिकून राहिला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्यात वास्तव्य असलेले मुरलीकांत पेटकर यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळवले, हे सर्वश्रुत आहे. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. शस्त्राने घायाळ झालेल्या सैनिकाने भाला हाती घेतला, आणि तो कोणालाही इजा न करण्यासाठी.

शौलाचा भाला

पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात मूळ हिब्रू भाषेत भाल्यासाठी एकाहून अधिक शब्द आहेत. 'हनीत' आणि 'रोमह' हे भाल्याचे प्रकार. 'कीदोन' हा शब्द पूर्वी फेकीचा भाला असा समजला जाई, पण काही अभ्यासकांच्या मते ती एक प्रकारची वक्र तलवार असावी.

फेकलेल्या भाल्याची सर्वांत ठसठशीत कथा शौल राजाची आहे. दावीद वीणा वाजवीत असता मत्सराने ग्रासलेला शौल त्याच्यावर भाला फेकतो (१ शमुवेल १८:११). पुन्हा फेकतो, तेव्हा दावीद निसटतो आणि भाला भिंतीत रुततो (१९:१०). पुढे तो आपला पुत्र योनाथान याच्यावरही भाला उगारून फेकतो (२०:३३). नंतर एके रात्री शौल छावणीत झोपलेला असतो आणि त्याचा भाला उशाशी जमिनीत रोवलेला असतो. दाविदाचा सोबती अबीशय त्याच भाल्याने एका घावात राजाला संपवू पाहतो. दावीद त्याला अडवतो. तो केवळ भाला आणि पाण्याचे भांडे उचलून नेतो व दूरच्या टेकडीवरून राजाला हाक मारून सांगतो की, एखाद्या तरुणाने इकडे येऊन राजाचा भाला घेऊन जावा (२६:२२). ज्याच्यावर भाला फेकला गेला होता, त्यानेच तो परत केला.

शौलाच्या भाल्यासाठी वापरलेला 'हनीत' हाच शब्द यशया संदेष्ट्याच्या शांतीच्या दर्शनातही आहे. राष्ट्रे आपल्या भाल्यांचे कोयते करतील, असे तेथे म्हटले आहे (यशया २:४). याउलट योएलाच्या ग्रंथात कोयत्यांचे भाले करण्याचे आव्हान येते (योएल ३:१०). लोखंड तेच असते; त्याचे काय घडवायचे, हे माणसाच्या हाती आहे.

कुशीतील भाला

संत योहानाने क्रुसाजवळच्या भाल्यासाठी 'लोंखे' हा ग्रीक शब्द वापरला आहे. नव्या करारात तो याच एका ठिकाणी येतो. विशेष म्हणजे या शब्दाचा अर्थही भल्ल शब्दासारखाच विस्तारला : आधी शस्त्राचे पाते, मग संपूर्ण शस्त्र. शुभवर्तमानात त्या शिपायाचे नाव नाही. पिलाताच्या नावे प्रसिद्ध असलेल्या एका उत्तरकालीन ग्रंथात तो 'लाँजिनस' झाला; हे नाव 'लोंखे' या शब्दावरूनच पडले असावे, असे मानले जाते. परंपरेने त्या शिपायाला संत मानले. रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात बर्निनीने १६३८ साली पूर्ण केलेला त्याचा पुतळा आहे.

त्या भाल्याने काय केले, हे सांगताना प्राचीन लॅटिन भाषांतरात 'भोसकले' या अर्थाचे क्रियापद नसून 'उघडले' या अर्थाचे आहे. संत ऑगस्टीन यांनी या शब्दनिवडीकडे मुद्दाम लक्ष वेधले. त्यांच्या दृष्टीने कुशीचे जणू दार उघडले आणि त्यातून ख्रिस्तसभेचे साक्रामेंत वाहिले. संत योहान क्रिसोस्तोम यांनीही पाण्यात बाप्तिस्मा आणि रक्तात पवित्र मिस्साबलिदान पाहिले. त्याच जखमेत हात घालून पाहण्याचा हट्ट धरणारा संत थोमा पुढे भारतात भाल्याच्याच घावाने हुतात्मा झाला, अशी आपली परंपरा सांगते.

एका बाणाच्या नावापासून निघालेला हा शब्द रणांगण, दरबार, वृत्तपत्र आणि क्रीडांगण असा फिरून आपल्या उपासनेत येतो. घरात, धर्मग्रामात, सभेत आपल्याही हातून आणि तोंडून काही ना काही सुटत असते. ते कोणाच्या अंगावर फेकले गेले असेल, तर उचलून परत देणाऱ्या दाविदाची वाट आपण का पाहावी? पुढील गुड फ्रायडेला योहानाचा तो उतारा ऐकताना, आपण कोणावर टाकलेला भाला अद्याप भिंतीत रुतून आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा आणि तो स्वतः जाऊन काढून घ्यावा, इतकीच आमची वाचकांना विनंती आहे.