बैलाचा चिमटा आणि माणसाची शीर

दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात गोऱ्हा कामाला जुंपायचा तर त्याला आधी खच्ची करतात. पूर्वी ठेचायचे, बडवायचे. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा आला. इटलीतल्या नेपोलिओने बर्डिझो या पशुवैद्याने तो घडवला. त्यात कातडी फाटत नाही, पण अंडाकडे रक्त नेणारी आतली रज्जू चिरडली जाते, रक्त तुटतं आणि अंड सुकत जातं. माणसाच्या व्हेरिकोसीलचं दुखणंही याच रज्जूतलं. त्यावरच्या शस्त्रक्रियेचं मूळ शोधताना मला १८३४ सालच्या पॅरिसमध्ये एक चिमटा सापडला. तोही कातडीवरूनच आवळायचा, आणि तो माणसांसाठी होता.

व्हेरिकोसील म्हणजे अंडाकडून परतणाऱ्या शिरा फुगून त्यांचं गुंतवळ होणं. ते बहुतेकदा डावीकडे असतं. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी मात्र थेट महाशिरेला तिरकी मिळते. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की डावीकडे रक्त उलटं उतरून साचतं. दिवसभर उभं राहिलं, पोती उचलली की ओढ लागल्यासारखं दुखतं. आडवं झालं की उतरतं. अंड शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावं लागतं. साचलेल्या रक्ताने तिथली उष्णता वाढते आणि शुक्रजंतू कमी होतात. पुरुषांमध्ये साधारण १५ टक्क्यांना, तर मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांना हा विकार आढळतो.

पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससला हे ठाऊक होतं. कातडीतल्या शिरांना डाग द्यावा, खोलवरच्या शिरा बांधून कापाव्यात, आणि विकार थेट अंडाशी असेल तर अंडच काढावं, कारण तसंही ते संततीच्या उपयोगाचं नाही, असं तो सांगतो. व्हेरिकोसील आणि वंध्यत्वाचा संबंध विसाव्या शतकात लागला, असं सर्रास लिहिलं जातं. सेल्ससचं हे वाक्य त्याच्या विरोधात जातं.

आपल्याकडे काहीजण हा विकार प्रथम ओळखल्याचा मान सुश्रुताला देतात. सुश्रुताने वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या मूत्रवृद्धीवर त्याने सांगितलेलं छिद्र पाडून पाणी काढणं हायड्रोसीलला चोख बसतं, आंत्रवृद्धी म्हणजे हर्निया. पण रक्तज वृद्धीत तो काळ्या फोडांचं वर्णन करतो, आणि व्हेरिकोसीलमध्ये फोड येत नाहीत. सुश्रुताचं मोठेपण निर्विवाद असलं, तरी हा विकार त्याच्या पदरात घालायची गरज नाही.

आता तो चिमटा. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातले शल्यवैद्य झिल्बेर ब्रेशे यांनी १८३४ मध्ये व्हेरिकोसीलच्या नव्या उपचारावर प्रबंध प्रसिद्ध केला. वीर्यनलिका बाजूला सारायची, फुगलेल्या शिरा कातडीसकट चिमट्यात धरायच्या आणि मिटेपर्यंत आवळून ठेवायच्या. ही कल्पना त्यांना कुठून सुचली? पहिलं उत्तर त्याच रुग्णालयातले त्यांचे ज्येष्ठ, दुपुइत्राँ. त्यांचं एन्टेरोटोम हेही हळूहळू आवळायचं यंत्र, दोन आतड्यांमधली भिंत दाबून मारणारं. घर एक, माणसं ओळखीची, काळही जुळतो. दावा बळकट आहे.

तरीही मला तबेल्याचा दावा अधिक पटतो. पॅरिसला लागूनच आल्फोर इथे १७६६ पासून पशुवैद्यक शाळा होती. घोडा खच्ची करताना त्याच्या रज्जूवर लाकडाच्या दोन फाका घट्ट बांधून काही दिवस तशाच ठेवायची रीत फ्रान्समध्ये रूढ होती. दुपुइत्राँ भिंत पाडून वाट उघडत होते. घोड्याच्या फाका रक्तवाहिनी दाबून वाट बंद करत होत्या, आणि ब्रेशेंना हेच हवं होतं. आवळण्याची कला दुपुइत्राँची असेल, पण रज्जू दाबायचा धडा गोठ्यातला, असं माझं ठाम मत आहे.

पुढे १८८५ मध्ये लंडनच्या बारवेल यांनी कातडीखालून तारेचा फास घालून उपचार केलेल्या शंभर रुग्णांची हकीकत छापली. अशा उपायांत धमनी सापडली तर अंड सुकण्याचा धोका होताच. शिरूरचा शेतकरी ज्यासाठी चिमटा मागतो, शल्यवैद्याला तेच टाळायचं होतं.

यातून सुटका झाली ती जागा बदलल्यामुळे. ब्वेनोस आयरेसच्या इवानिसेविच यांनी १९१८ पासून शिरा वरच्या बाजूला, जांघेत बांधायला घेतल्या आणि १९६० मध्ये ४२ वर्षांतल्या ४,४७० शस्त्रक्रियांचा आढावा दिला. १९४९ मध्ये ग्वाटेमालाचे पालोमो आणखी वर, पोटाच्या पडद्यामागे गेले आणि त्यांनी धमनीही शिरांसोबत बांधून टाकली. तरी अंड का वाचतं? कारण त्याला तीन धमन्या रक्त देतात: मुख्य, वीर्यनलिकेसोबतची आणि रज्जूच्या स्नायूची. पालोमो जिथे गाठ मारत, तिथे फक्त मुख्य धमनी असते. बाकीच्या दोघी खाली येऊन मिळतात. बर्डिझो चिमटा अंडकोशाच्या मानेवर बसतो, तिथे तिघी एकत्र आलेल्या असतात, म्हणून बैलाचं अंड वाचत नाही. पालोमोंचं सगळं यश या काही इंचांत आहे.

१९५२ मध्ये एडिंबरोच्या टुलॉक यांनी एक प्रकरण मांडलं: वीर्यात एकही शुक्रजंतू नसलेल्या पुरुषावर व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे त्याची पत्नी गरोदर राहिली. तेव्हापासून ही दुखण्याची शस्त्रक्रिया मूल हवं असणाऱ्यांचीही झाली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डस्टीन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धमनी आणि लसीकावाहिन्या वाचवून फक्त शिरा बांधण्याची पद्धत मांडली. लसीकावाहिन्या बांधल्या गेल्या तर हायड्रोसील होतं. ते प्रमाण त्यामुळे खूप घटलं.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्यामुळे पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं या भागात घरोघर. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसील निघालं तर उमेदवार अडतो, आणि काहींना हा शब्द तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळतो. भरतीचा प्रश्न नसेल आणि नुसतंच दुखत असेल, तर आधी लंगोटासारखा आधार, विश्रांती आणि गोळ्या. भागलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि बहुतेकांचं दुखणं त्याने थांबतं. मुलासाठी करायची, तर शिरा हाताला लागत असाव्यात आणि वीर्यतपासणीत दोष असावा. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ती करू नये. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी करायची. आणि तपासणी पत्नीचीही त्याच वेळी व्हावी, कारण तिचं वय थांबत नाही.