बुद्धिबळाचा पट, लीलावती आणि दहावीची श्रेढी

दहावीच्या बीजगणितात 'अंकगणिती श्रेढी' नावाचे प्रकरण आहे. पहिले पद, सामान्य फरक, पदांची संख्या आणि बेरीज. दोन-तीन सूत्रे पाठ केली की गुण पदरात पडतात. पुढे भूमिती श्रेढी येते. तिथे प्रत्येक पदात ठरावीक संख्या मिळवायची नसते, ठरावीक संख्येने गुणायचे असते. शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी विचारतो, 'श्रेढी' हा शब्द कुठला? उत्तर सहसा येत नाही.

ही रिकामी जागा मोबाईलवर फिरणारे संदेश भरून काढतात. एका संदेशानुसार सगळे गणित प्राचीन भारतात होते आणि बाकीच्यांनी ते चोरले. दुसऱ्यानुसार गणित मुसलमानांनी निर्माण केले आणि युरोपने ते पळवले. दोन्ही संदेश माझ्याच वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर असतात. एकाच बाकावर बसणारी मुले त्यावरून वाद घालतात. म्हणून एकट्या श्रेढीचाच प्रवास तपासून पाहू.

शब्दापासून सुरुवात करू. भास्कराचार्यांची 'लीलावती' साधारण ११५० ची. तिच्यातल्या एका प्रकरणाचे नाव आहे 'श्रेढीव्यवहार'. पहिल्या पदाला तिथे 'आदि' म्हटले आहे, फरकाला 'चय' आणि पदांच्या संख्येला 'गच्छ'. उदाहरणेही रंजक आहेत. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजने चालतो, मग रोज सारख्या प्रमाणात वेग वाढवत ७ दिवसांत ८० योजने पार करतो. तर रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजने. दुसऱ्या उदाहरणात एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो. एकूण कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६, म्हणजे त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्कांहून अधिक.

हे करायला भास्कराचार्य तीस वेळा दुप्पट करायला सांगत नाहीत. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. शेवटी उलट्या क्रमाने त्या क्रिया करत या. थोड्याच पायऱ्यांत उत्तर हाती येते.

आता भास्कराचार्यांच्या दीडशे वर्षे आधी जाऊ. बुद्धिबळ भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेले होते आणि त्याबरोबर पटाचा हिशेबही. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे ६४ घरांपर्यंत. ख्वारिज्मच्या अल्-बिरुनीने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरच्या ग्रंथात हा हिशेब पुरा केला. त्यानेही घरामागून घर मोजले नाही, वर्ग करत गेला. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६. आणखी दोन वर्ग केले की पटाबाहेरच्या, नसलेल्या ६५ व्या घराची संख्या मिळते. तिच्यातून एक वजा केला की साऱ्या पटाची बेरीज: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. लीलावतीची रीत ६४ ला लावून पाहा, हेच सहा वर्ग करावे लागतात. पुढे हाच बिरुनी संस्कृत शिकला आणि हिंदुस्थानच्या विद्येवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. जे जिथून घेतले ते तिथले म्हणून सांगायला तो कचरला नाही.

तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने पटाची गोष्ट आपल्या चरित्रकोशात दिली आहे. त्यातल्या शहाण्याचे नाव सिस्सा, आणि तो हिंदुस्थानच्या राजाकडे दाणे मागतो. इब्न खल्लिकानचा आधी या आकड्यावर विश्वास बसला नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनीसाने त्याला कागदावर पटवून दिले. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे. तेवढ्यांचे एक माप धरायचे आणि मापे दुप्पट करत जायचे. मापांवरून कोठारे, कोठारांवरून शहरे. शेवटच्या घरात पोहोचेपर्यंत धान्याने भरलेली १६,३८४ शहरे लागतात! वाढीव दराचे कर्ज घेणाऱ्याला हे गणित कुणी आधी समजावले तर बरे, कारण भूमिती श्रेढी सुरुवातीला फार गरीब दिसते.

आणखी एक उदाहरण. १ ते १० या संख्यांच्या घनांची बेरीज ही त्या संख्यांच्या बेरजेचा वर्ग असते: ५५ चा वर्ग, ३,०२५. हा नियम आर्यभटाने ४९९ मध्ये दिला. बगदादच्या अल्-करजीने अकराव्या शतकाच्या आरंभी तो चित्राने सिद्ध केला. ५५ बाजूचा चौरस घ्या. त्याच्या दोन लगतच्या बाजूंवरून १० रुंदीची पट्टी कापा. तिचे क्षेत्रफळ ५५ गुणिले १० च्या दुपटीतून कोपऱ्याचे १०० वजा, म्हणजे बरोबर १,०००, अर्थात १० चा घन. उरला ४५ बाजूचा चौरस. त्यातून ९ रुंदीची पट्टी काढा, ७२९ मिळतात. असेच शेवटपर्यंत. मी हे फळ्यावर काढतो तेव्हा आर्यभट कुणाचा आणि करजी कुणाचा, हे एकही मूल विचारत नाही.

आता आपल्या भागात येऊ. १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीने लीलावती फारसीत आणली. भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेला मुहूर्त, ही घरोघरी सांगितली जाणारी कथा आपल्याला फैजीच्या प्रस्तावनेतून मिळाली आहे. १६३४-३५ मध्ये भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत उतरवले ते अताउल्लाह रशीदीने. ताजमहालाचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे त्याचे वडील. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा याच अताउल्लाहने बांधला असे मानतात. तिथल्या दरवाजावरच्या लेखात त्याच्या नावासोबत हंसपत राय हेही नाव आहे. तिथून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, तसा शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा मठ आणि त्यांच्या अनुवादकाचा मकबरा यांच्यात एका घाटाचे अंतर आहे.

चोरी कुणी केली, हा प्रश्न ज्यांनी ग्रंथ उघडलेच नाहीत त्यांचा आहे. ज्यांनी ते उघडले त्यांनी दुसऱ्याची भाषा शिकली, मूळ लेखकाचे नाव राखले आणि स्वतःची भर घातली. मराठी मुसलमान म्हणून मला यांतला एक वाटा घेऊन दुसरा नाकारायचा नाही. 'श्रेढी' हा माझ्या भाषेतला शब्द आहे आणि अताउल्लाह माझ्या मुलुखातल्या इमारतीवर कोरलेले नाव. मुलांना दोन्ही एकाच तासाला सांगता येतात. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. सूत्र लिहून झाल्यावर पाच मिनिटे जास्त थांबावे लागते.